आजोबांचं दाढीचं मशीन चमकवायला निघालाय? आधी या चुका टाळा

दर दिवाळीला हेच होतं. साफसफाईत पेटीतून जिलेट कंपनीचं जुनं दाढीचं मशीन निघतं आणि मला फोटो येतो, "बघ कसं चकाचक केलंय!" फोटो बघूनच पोटात गोळा येतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही मशीनं बहुतेक पितळेची आहेत आणि वरून निकेलचं नाहीतर सोन्याचं पाणी दिलेलं आहे. ते पाणी अगदी पातळ असतं. समई आयुष्यभर घासा, खाली पितळच आहे, पण इथे घासलं की वरचं गेलं ते गेलंच.

माझ्या मावसभावाला आजोबांचं जिलेटचं सोनेरी मॉडेल अ‍ॅरिस्टोक्रॅट सापडलं. आई शेजारी चिंच-मीठ लावून घंगाळ घासत होती, यानेही तीच चिंच घेतली, काथ्याने दहा मिनिटं चोळलं. लखलखीत झालं! घासलेलं पितळ पण सोन्यासारखंच दिसतं ना, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही, पंधरा दिवसांनी मूठ काळपट पडायला लागली तेव्हा माझ्याकडे घेऊन आला. भिंगातून पाहिलं तर मुठीवरच्या बारीक चौकड्यांची सगळी टोकं उघडी पडलेली, सोनं फक्त खाचांमध्ये राहिलेलं. सत्तरएक वर्षं टिकलेलं सोनं दहा मिनिटांत गेलं, मला अजून वाईट वाटतं.

सोनेरी मशीनला मी कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड आणि मऊ कापड याच्यापुढे काहीही लावत नाही. ब्रासो नाही, तांब्या-पितळेची पावडर तर नाहीच नाही.

टूथपेस्टने पण घासू नका, त्यात घासणारी बारीक पूड असते. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं बंद करा. उकळत्या पाण्यात टाकू नका, जिलेटच्याच लाल टोकाच्या सुपर स्पीड मॉडेलचा आणि अ‍ॅडजस्टेबलच्या आकड्यांचा रंग निघतो. बफिंगवाल्याकडे तर अजिबात नको, कडा गोल होतात आणि कोरलेला कोडही पुसट होतो. 1950 नंतरच्या अमेरिकन जिलेटवर अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे तिमाही, म्हणजे फॅटबॉय मॉडेलवर एफ 3 असेल तर ते 1960 च्या तिसऱ्या तिमाहीतलं. हे गेलं तर वय सांगणारी खूणच गेली.

दुसरी चूक जिचा मला खरंच राग येतो ती म्हणजे पक्कड. खालचा नॉब फिरवला की वरच्या दोन झडपा उघडतात ती मशीनं नेहमी अडकतात, कारण आत वर्षानुवर्षांचा साबण आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बसून दगड झालेला असतो. लोकांना पाच मिनिटं धीर नसतो, लगेच पक्कड लावतात, मग नॉबवर दातांचे ओरखडे येतात आणि झडपा वाकड्या होतात, आणि एकदा वाकल्या की ब्लेड सरळ बसत नाही. अहो, भिजू द्या की! हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात लिक्विड घालून अर्धा तास ठेवायचं, मऊ टूथब्रश फिरवायचा, पाणी बदलायचं, परत ठेवायचं. माझ्या एका सुपर स्पीडला तीन दिवस लागले, चौथ्या दिवशी सकाळी नॉब बोटांनी फिरला आणि पाण्यात पांढरा साबणाचा गाळ सुटला. ते बघायला जे समाधान वाटतं ना!

मग कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होतं.

आणि निकेलवर मधूनच पिवळट डाग दिसला तर तो मळ समजून घासत बसू नका, ते खालचं पितळ आहे. तसंच वापरा, दाढी तितकीच छान होते. अगदी परत पाणी द्यायचंच असेल तर जिलेटच्या तीन तुकड्यांच्या टेक मॉडेलला द्या, सुटे भाग असतात. झडपांच्या मशीनची जोडणी उघडायची म्हणजे वेगळं कसब लागतं, घरी पाना घेऊन बसू नका.