जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

सहा-सात वर्षांच्या लॅपटॉपवर ‘म्हातारा झाला’ असा शिक्का मारण्याआधी एकदा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डावीकडे सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क अशी यादी असते. डिस्कखाली ‘एचडीडी’ (म्हणजे फिरती हार्ड डिस्क) लिहिलंय, आकडा १०० टक्क्यांना चिकटलाय आणि सीपीयू मात्र १०-१५ टक्क्यांवर निवांत बसलाय, असं दिसलं तर प्रोसेसरचा काही दोष नाही. तो डिस्ककडून माहिती यायची वाट बघतोय.

लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) हार्ड डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इथून तिथून उचलाव्या लागतात. दर वेळी डिस्कचं हेड जागा बदलतं, त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात आणि प्रत्यक्षातला वेग सेकंदाला १ एमबीच्याही खाली येतो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे हा सगळा वेळ वाचतो. म्हणून खर्चाचा क्रम असा: आधी एसएसडी, मग रॅम, मग साफसफाई, आणि गरज असेल तरच बॅटरी. दुकानात पहिला सल्ला बहुतेकदा रॅम वाढवण्याचा मिळतो. ४ जीबी असेल तर तो बरोबरच आहे, कारण मेमरी भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं आणि रखडलेली डिस्क आणखी रखडते. ८ जीबी असेल तर मात्र रॅमला थांबू द्या. तसेही मेमरीचे भाव २०२५च्या अखेरीपासून चढले आहेत.

खर्च करण्याआधी प्रोसेसरची पिढी बघा. इंटेलच्या आय५-७२००यूमध्ये डॅशनंतरचा पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. आय५-८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं, शिवाय टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, त्यापुढे नाही. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ चढवता येतं, पण ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा उद्योग नको. तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बरी. ब्राउझर, व्हिडिओ, पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर घरातल्या ज्येष्ठांनाही आठवडाभरात सवय होते, आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यातही मिळतो. टॅली किंवा एखादं खास विंडोजचं सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र मिंटच्या वाटेला जाऊ नका.

खरेदीत सगळ्यात जास्त घोळ एसएसडीच्या प्रकारावरून होतो. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसते ती अडीच इंची साटा (हार्ड डिस्कचीच जोडणी असलेली) एसएसडी, जाडी ७ मिमी. काही जुन्या लॅपटॉपांत डिस्क ९.५ मिमीची असते; तिथे एसएसडी सैल बसते, म्हणून अडीच मिमीची प्लॅस्टिकची चौकट लावतात. दुसरा प्रकार एम.२, च्युइंगगमच्या पट्टीसारखा. त्यातही दोन जाती आहेत, साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. दोन्हींचा आकार सारखाच (बहुतेकदा २२ बाय ८० मिमी), पण साटा पट्टीच्या टोकाला सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक. ज्या खोबणीत फक्त साटा चालते तिथे एनव्हीएमई बसेलही, पण दिसणार नाही. म्हणून लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या, कंपनीच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा आणि कोणती जात चालते ते बघूनच घराबाहेर पडा. आठव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्या जोडीला एम.२ची खोबण रिकामीच पडलेली असते. तसं असेल तर विंडोज एसएसडीवर आणि फोटो जुन्या डिस्कवर अशी सोय होते.

५०० जीबी घ्या. २५६ जीबी स्वस्त वाटते, पण विंडोज, अपडेट आणि फोनमधून उतरवलेले फोटो मिळून ती वर्षभरात भरते, आणि गच्च भरलेली एसएसडी मंदावते. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबतो, एनव्हीएमईचा कितीतरी पुढे जातो. पण हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला रोजच्या कामात हा फरक फारसा जाणवत नाही. तेव्हा खोबण साटाची निघाली म्हणून हळहळू नका. रॅम घेताना डीडीआर३एल आणि डीडीआर३ यांत गफलत करू नका. पहिली १.३५ व्होल्टवर चालते, दुसरी १.५ वर. दुसरी पहिलीच्या जागी बसते, पण अनेक लॅपटॉप मग चालूच होत नाहीत.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात करायची असेल तर ठाण्याहून दादरला उतरा आणि पश्चिम मार्गाच्या गाडीने ग्रँट रोड गाठा. वाशी-नेरूळकरांना आधी कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. भाव ऑनलाइनपेक्षा फार वेगळा नसतो. फायदा एवढाच की चुकीची वस्तू त्याच दिवशी बदलून मिळू शकते. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच चालते.

आता डेटा. घाई इथेच नडते.

पहिली गोष्ट, सेटिंग्जच्या शोधखान्यात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ टाइप करा. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी ही सोय चालू असेल तर बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट (कुलूपमुक्त) होऊ द्या, किंवा निदान ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर काढलेली डिस्क यूएसबीला लावल्यावर ती हीच की मागेल, आणि की नसेल तर फोटो समोर असून हाती लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट खास मराठीतली. २००५-१०च्या काळातली पत्रं, लग्नपत्रिका, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं बहुतेकदा युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या यंत्रांवर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) नसतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. विंडोज नव्याने टाकलं की तो फॉन्ट जातो आणि ‘सर्वसाधारण सभा’ची जागा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा घेतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून डॉक्युमेंट्सबरोबर विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या. काही जुन्या मराठी टायपिंग पॅकेजांना डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लागतो. तो नव्या विंडोजवर चालेल याची खात्री नसते, तेव्हा महत्त्वाची पत्रं आधीच पीडीएफ करून ठेवलेली बरी. नव्या टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कळफलक आहे.

नंतर ठरवायचं, क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) की नवं विंडोज. क्लोनला यूएसबी-टू-साटा केबल लागते; सगळं जसंच्या तसं येतं, सात वर्षांचा कचराही येतो. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून यंत्र सुरू करू नका. दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करतं आणि माणूस समजतो नवी डिस्कच खराब आहे. माझं मत नव्या विंडोजच्या बाजूचं आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह एवढंच पुरतं. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ म्हणून पुढे जायचं. मूळ लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. फक्त वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) आधी उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज ११ इन्स्टॉल होतानाच नेट मागतं, आणि ड्रायव्हरशिवाय नेट नाही, नेटशिवाय ड्रायव्हर नाही अशी गाठ बसते. ती बसलीच तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा.

लॅपटॉप उघडायला पीएच० आणि पीएच१ हे दोन फिलिप्स स्क्रूड्रायव्हर हवेत. सोनाराच्या बारीक पेचकसाने स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघतच नाही. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, खरंच बंद होतं. चार्जर काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांबडा स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या पॅनेलला आतून टेंगूळ येतं किंवा बोर्डच फुटतो. इडलीपात्र घ्या, तळाचा फोटो काढा आणि कोपऱ्याप्रमाणे स्क्रू खळग्यांत टाकत जा. सगळे निघाले तरी झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत लपलेला असतो. फटीत मुदत संपलेलं एटीएम कार्ड घालून कडेकडेने फिरवा, सुरी नको. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, आणि मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवणं.

हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. तीच चौकट एसएसडीला लावायची. काही मॉडेलांत डिस्कपासून बोर्डापर्यंत चपटी रिबन केबल जाते. तिच्या कनेक्टरला उचलायची बारीक पट्टी असते. ती न उचलता ओढलं की केबल गेली. रॅम तिरकी घालायची, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत ढकलायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ वाजल्या पाहिजेत. पडदा काळाच राहिला तर घाबरण्याआधी मिनिटभर थांबा, नव्या रॅमची जुळणी व्हायला पहिल्यांदा वेळ लागतो. तरी नाही आला तर रॅम काढून सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा आणि परत बसवा. नवं विंडोज टाकताना जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये ठेवू नका. दोन्ही असल्या की इन्स्टॉलर कधीकधी बूटचा (यंत्र सुरू करणारा) भाग जुनीवरच टाकतो आणि महिन्याने ती काढली की यंत्र उठत नाही. रिकाम्या खोबणीत एम.२ बसवतानाही हेच, जुनीची केबल तात्पुरती काढायची.

उघडलंच आहे तर पंखा बघा. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसते. खरी बूच बसते ती पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये, नमद्यासारखी. घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामांची धूळ असल्यामुळे तिथे वर्षाला एकदा साफसफाई लागतेच. मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरलात तर पंखा बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरला की बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारा लेप) उगाच बदलायला जाऊ नका. धूळ काढूनही काम करताना प्रोसेसर ९५ अंशांच्या वर जात असेल तरच. हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ आकडे असतात, सोडताना उलट्या क्रमाने आणि आवळताना सुलट्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी.

पावसाळ्यात एक सवय लावून घ्या. ऐरोली-घणसोलीच्या एसी ऑफिसातून निघालेला लॅपटॉप थंडगार असतो आणि जुलैत बाहेरच्या हवेत आर्द्रता ८५-९० टक्के. अशा थंड धातूवर फ्रिजमधल्या बाटलीसारखं पाणी धरतं, आतल्या बोर्डावरही. घरी आल्यावर अर्धा तास बॅग बंदच राहू द्या. लोकलच्या दारात भिजलाच तर चालू करून बघायचा मोह आवरा. चार्जर लावू नका, पाणी कमी आणि वीज जास्त घात करते. तांदळाच्या डब्यात ठेवून आत गेलेलं पाणी निघत नाही. तळ उघडा, बॅटरी सुटी करा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. पाणी खारट किंवा चहाचं असेल तर वाळल्यावर क्षार राहतात आणि तांबं खातात. तिथे घरगुती उपाय सोडून दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

ट्रॅकपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, झाकण नीट बसत नाही? बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. चार्जिंग त्याच दिवशी बंद करा, दाबू नका, टोचू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. लिथियम बॅटरी दाबली गेली की पेट घेते, घंटागाडीत तर दाबली जाणारच. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

काढलेली हार्ड डिस्क महिनाभर तशीच ठेवा. एखादं फोल्डर राहून गेल्याचं लक्षात येतं ते पंधरा दिवसांनी, वीजबिल किंवा शाळेचा दाखला शोधताना. मग ती यूएसबी ३.० केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरा. द्यायची असेल तर फॉर्मॅट करताना ‘क्विक फॉर्मॅट’समोरची खूण काढा. क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते, फोटो जागच्या जागी राहतात. पूर्ण फॉर्मॅटमध्ये सगळीकडे शून्यं लिहिली जातात. १ टीबीच्या डिस्कला तीन-चार तास लागतील, रात्री लावून झोपा.