जगाचा विकास अजेंडा विकसनशील देशांनी कसा घडवायचा, एसडीजीच्या उदाहरणावरून

एमयूएनला (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे यूएनच्या नक्कल सभेला) जाणारी, यूपीएससी करणारी किंवा एखाद्या संस्थेत पर्यावरणाचं काम करणारी मुलं नेहमी विचारतात की यूएनमध्ये शेवटी अमेरिका-युरोपच सगळं ठरवतात ना, मग आपल्यासारख्या देशांनी बोलून काय फरक पडतो. फरक पडतो, आणि तो कसा पाडायचा याची एक पद्धत आहे जी शिकता येते. ती दोन खऱ्या उदाहरणांवरून सांगतो, एक एसडीजीचं, म्हणजे सस्टेनेबल डेव्हलपमेंट गोल्स या यूएनच्या 2030 पर्यंतच्या विकास उद्दिष्टांचं, आणि दुसरं लॉस अँड डॅमेज फंडाचं, म्हणजे हवामान बदलाने झालेल्या नुकसानीसाठीच्या निधीचं.

सगळ्यात आधी म्हणजे लवकर सुरुवात करा, मसुदा टेबलावर यायच्या खूप आधी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जसं विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर कितीही आरडाओरडा केला तरी ठराव होत नाही, तसंच इथे आहे. 2000 च्या मिलेनियम जाहीरनाम्यानंतर जी 8 उद्दिष्टं आली, एमडीजी (मिलेनियम डेव्हलपमेंट गोल्स), ती मुख्यतः यूएन, वर्ल्ड बँक वगैरेंच्या अधिकाऱ्यांनी आणि एक्स्पर्ट लोकांनी बसून बनवली होती, ज्या देशांनी ती पूर्ण करायची त्यांचा ती लिहिण्यात फारसा हात नव्हता. मग 2011 मध्ये कोलंबियाने, म्हणजे काही महासत्ता वगैरे नसलेल्या देशाने, रिओ+20 या 2012 च्या यूएन शाश्वत विकास परिषदेच्या जवळपास एक वर्ष आधीच इंडोनेशियातल्या सोलो इथल्या बैठकीत सस्टेनेबल डेव्हलपमेंट गोल्सची कल्पना मांडली. त्यामागे त्यांच्या परराष्ट्र खात्यातल्या पॉला काबाल्येरो होत्या. ग्वाटेमाला सोबत आला, नंतर पेरू. लक्षात घ्या, सुरुवात दोन-तीन देशांनीच केली, सगळ्यांची सहमती होईपर्यंत थांबले असते तर रिओ उलटून गेलं असतं.

आणि जे मांडाल ते कागदावर मांडा, एक-दोन पानांत. नुसतं भाषण ऐकून कुणी काही करत नाही, पण छोटा कागद असला की दुसऱ्या देशाचा अधिकारी तो आपल्या राजधानीला पाठवू शकतो, त्यात बदल सुचवू शकतो, आणि एकदा बदल सुचवायला लागला की तो त्या कल्पनेत शिरलाच म्हणून समजा.

आता खरं अवघड काम, आपल्याच लोकांना पटवणं. विकसनशील देशांचा जी 77 हा गट 1964 साली 77 देशांनी सुरू केला, आज त्यात 134 देश आहेत, यूएनच्या 193 पैकी दोन-तृतीयांशाहून जास्त, आणि चीनसोबत मिळून बोलतात म्हणून 'जी 77 आणि चायना' म्हणतात. आकडा दणदणीत आहे पण आत तेल विकणारे देश आहेत, बुडायला आलेली बेटं आहेत, भारत-ब्राझीलसारखे मोठे आहेत आणि अगदी गरीब देशही आहेत, सगळ्यांचं हित एक कसं असेल. कोलंबियाच्या कल्पनेवरही सुरुवातीला बऱ्याच विकसनशील देशांना शंका होती, कारण एमडीजीची मुदत 2015 पर्यंत होती आणि नवीन काहीतरी आणलं तर गरिबीचा मुद्दा आणि त्यासाठीचे पैसे मागे पडतील अशी भीती होती. ही भीती खरी होती, उगाच नव्हती. तिला उत्तर म्हणून गरिबी निर्मूलन नव्या यादीच्या मध्यभागी ठेवायचं ठरलं आणि आज एसडीजी 1 तेच आहे. म्हणजे विरोध करणाऱ्याची काळजी यादीतच घ्या, त्याला हरवायच्या मागे लागू नका.

बसायच्या जागेचा विचार पण करा, हे लोक विसरतात. रिओमध्ये 2012 ला ठरलं की उद्दिष्टं बनवायला 30 जागांचा ओपन वर्किंग ग्रुप करायचा. इच्छुक देश इतके झाले की जागा वाटून घ्याव्या लागल्या आणि 70 देश त्या 30 खुर्च्यांत बसले. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका एका जागेवर! इराण, जपान आणि नेपाळ एका जागेवर. यामुळे झालं काय की नेहमीच्या गटाचं ठरलेलं भाषण वाचून दाखवणं अवघड झालं, आधी शेजाऱ्याशी बोलावं लागायचं. केनियाचे माचारिया कामाऊ आणि हंगेरीचे चाबा कोरोशी हे सह-अध्यक्ष होते, त्यांनी मार्च 2013 पासून बरेच महिने फक्त विषय समजून घेण्यात घालवले आणि 2014 मध्ये जाऊन घासाघीस सुरू केली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण छोट्या देशांच्या मिशनमध्ये, म्हणजे यूएनमधल्या त्यांच्या कार्यालयात, माणसं मोजकीच असतात, त्यांना विषय शिकायला वेळ मिळाला तर ते बरोबरीने बोलू शकतात. जुलै 2014 ला 17 उद्दिष्टं आणि 169 टार्गेट तयार झाली, सप्टेंबर 2015 मध्ये ती सगळ्या देशांनी स्वीकारली.

घासाघीशीच्या वेळी नजर चौकोनी कंसांवर ठेवा. ज्या शब्दांवर एकमत नाही ते मसुद्यात कंसात असतात. तुमचा शब्द कंसात असला तरी तो जिवंत आहे, मसुद्यातून उडाला की परत आणायला जीव जातो. आणि पैशाचा, टेक्नॉलॉजीचा मुद्दा शेवटच्या प्रकरणापर्यंत ढकलू देऊ नका. विकसनशील देशांनी हाच आग्रह धरला की साधनं काय देणार ते प्रत्येक उद्दिष्टाखालीच लिहा. एसडीजीची यादी उघडून बघा, 3.1, 3.2 असे आकडे संपले की 3.a, 3.b अशी अक्षरं सुरू होतात, ती अक्षरवाली टार्गेट म्हणजे हा आग्रह. 3.b मध्ये लस आणि परवडणारी औषधं आहेत, 2.b मध्ये शेतीमालाच्या निर्यात सबसिडीचा विषय आहे.

चिकाटीचं उदाहरण लॉस अँड डॅमेजचं. 1991 मध्ये वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेट-देशाने छोट्या बेट-देशांच्या गटातर्फे समुद्राची पातळी वाढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी विमा निधी मागितला, मिळाला नाही. 2021 ला ग्लासगोच्या यूएन हवामान परिषदेत जी 77 ने या नुकसानीसाठी पैसे देणारी वेगळी सुविधा मागितली, तिथे फक्त चर्चेचा कार्यक्रम मिळाला. 2022 मध्ये जी 77 चं अध्यक्षपद पाकिस्तानकडे होतं, त्याच वर्षी तिथे भयंकर पूर आला, पण नुसत्या सहानुभूतीवर ते विसंबले नाहीत, आधी हा विषय अधिकृत विषयपत्रिकेवर घेतला जाईल हे बघितलं आणि दोन आठवडे सगळा गट फुटू दिला नाही. इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत निधीचा निर्णय झाला. त्यात पैसे अजून गरजेच्या मानाने फारच कमी आलेत, ते मिळवायचं काम चालूच आहे.

आता पुढचं बघा. एसडीजीची मुदत 2030 ला संपते आणि 2024 च्या पॅक्ट फॉर द फ्युचर या यूएनमधल्या करारनाम्यात लिहिलंय की सप्टेंबर 2027 च्या हाय लेव्हल पॉलिटिकल फोरममध्ये, म्हणजे एसडीजीचा आढावा घेणाऱ्या यूएनच्या बैठकीत, 2030 च्या पुढचा विचार करायचा. म्हणजे कागद लिहायची वेळ आत्ताच आहे. कुठल्या संस्थेत असाल तर एकच मुद्दा निवडा, समजा पाणी किंवा उष्णतेत काम करणारे मजूर, एक पान लिहा, आणि बांगलादेश, केनिया किंवा तुमच्यासारखीच अडचण असलेल्या दुसऱ्या देशातल्या एखाद्या संस्थेला पाठवून सही मागा, मग दोघांनी आपापल्या परराष्ट्र आणि पर्यावरण मंत्रालयाला एकाच आठवड्यात तेच पान द्या.