माचा कडू लागतोय? डब्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

माचाबद्दलची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीबद्दलची, तक्रार बहुतेक वेळा एकच असते: कडू लागतो. उपायही ठरलेला, अजून एक चमचा साखर. मग ते गोड हिरवं पाणी कसंबसं संपवायचं आणि लोक याच्यासाठी एवढे पैसे का मोजतात म्हणून आश्चर्य करत बसायचं. त्यापेक्षा कडवटपणा नेमका कुठून आला ते शोधावं. फार वेळ लागत नाही.

पहिला संशय पाण्यावर घ्या. खळखळ उकळतं पाणी थेट पावडरवर ओतणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. माचाला 70 ते 80 अंश सेल्सिअसचं पाणी पुरतं. चहाच्या पानातली कॅटेचिनं आणि कॅफीन ही कडू-तुरट मंडळी, आणि पाणी जितकं कडक तितकी ती जोरात उतरतात. उलट थिअनिन, म्हणजे ज्याच्यामुळे माचाला ती भरलेली, किंचित गोडसर चव येते ते अमिनो आम्ल, कोमट पाण्यातही सहज उतरतं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळलेलं पाणी आधी रिकाम्या वाडग्यात ओता, मग दुसऱ्या भांड्यात. दर वेळी ते साधारण दहाएक अंशांनी उतरतं आणि वाडगाही आयता गरम होतो. फक्त पावडर टाकण्याआधी वाडगा कोरडा पुसून घ्या.

तरी कडूच? मग तीच पावडर चिमूटभर घेऊन गार पाण्यात घुसळून बघा. गार पाण्यात चव बरी लागली तर दोष किटलीचा होता. तिथेही ती तुरट आणि वाळल्या गवतासारखी लागली, तर मात्र डब्याकडे वळायला हवं.

दळलेली प्रत्येक हिरवी चहापत्ती म्हणजे माचा नव्हे. माचासाठीच्या झाडांवर तोडणीआधी साधारण तीन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानातलं थिअनिन कॅटेचिनांत बदलण्याचं काम मंदावतं आणि हरितद्रव्य वाढतं. गोडवा आणि रंग दोन्ही इथेच ठरतात. पानं वाफवून, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो तो तेंचा. तो दगडी जात्यावर दळला की माचा झाला. असं एक जातं तासाला जेमतेम 40 ग्रॅमच्या आसपास पूड देतं, त्यामुळे चांगला माचा स्वस्त मिळेल ही आशा सोडलेली बरी. क्योतोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे ही त्याची नावाजलेली गावं. डब्यावर 'सेरेमोनियल', म्हणजे चहाविधीच्या दर्जाचा, असं लिहिलंय म्हणून मात्र हुरळून जाऊ नका, कारण या शब्दामागे कायद्याने ठरवलेला कुठलाही दर्जा नाही. त्यापेक्षा चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर बोटाने ओढून बघा. ताज्या माचाचा ठसठशीत हिरवा पट्टा उमटतो आणि बोटाला पूड मऊ लागते. पट्टा पिवळट किंवा मातकट दिसला आणि पूड खरखरली, तर साखर घालूनही फार काही साधणार नाही. घटकांची यादीही वाचा. तयार मिश्रणांत पहिला क्रमांक बऱ्याचदा साखरेचाच असतो.

आता गुठळ्या. पूड इतकी बारीक असते की कण एकमेकांना धरून बसतात. गुठळी वरून ओली आणि आत कोरडी राहते, आणि घोट घेताना जिभेवर फुटून सगळा कडवटपणा एकदम सोडते. त्यामुळे बारीक गाळणीतून पूड चाळून घेण्याचा कंटाळा करू नका. चाळल्यावर आधी चमचाभर पाण्यात सरसरीत करा, उरलेलं पाणी नंतर. बांबूची चासेन, म्हणजे माचा घुसळायची फेसणी, असेल तर तिची टोकं मिनिटभर कोमट पाण्यात भिजवा, कोरड्या काड्या मोडतात. ती रवीसारखी गोल फिरवायची नाही. मनगट सैल ठेवून इंग्रजी 'डब्ल्यू' काढल्यासारखी पुढे-मागे चालवायची, तळावर न दाबता. चासेन नसेल तर दूध फेसायचं छोटं यंत्र किंवा घट्ट झाकणाची बाटलीही चालते. नुसत्या चमच्याने मात्र जमत नाही. आणि हो, चासेनला साबण लावू नका. पाण्याने धुऊन उघड्यावर वाळवा. ओली तशीच डबीत कोंडली की बुरशी ठरलेली.

प्रमाण चुकलं तरी लोक पावडरलाच नावं ठेवतात. नेहमीच्या पातळ माचाला, म्हणजे उसुचाला, 2 ग्रॅम पूड आणि 60 ते 70 मिलिलीटर पाणी. एवढ्याच पुडीवर मोठा मग भरला तर हाती पाणचट चहा लागणारच. दूध घालायचं असेल तर माचा आधी थोड्या गरम पाण्यात नीट घुसळून घ्या, पूड थेट थंड दुधावर टाकली की ती वर तरंगत राहते. माचा पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगत असतो. करून बाजूला ठेवलात तर तळाशी साका बसतो आणि शेवटचा घोट सगळ्यात कडू लागतो. केल्या केल्या प्या.

यात पान गाळून टाकत नाही, अख्खं पोटात जातं. 2 ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅम किंवा थोडं जास्त कॅफीन येतं, तेव्हा रात्री प्यायल्यावर झोप उडाली तर नवल नाही. रिकाम्या पोटी काहींना मळमळतं. चहातली कॅटेचिनं अन्नातल्या लोहाचं शोषणही कमी करतात, म्हणून ज्यांचं लोह कमी आहे त्यांनी जेवणाला लागून पिऊ नये.

डबा छोटाच घ्या. उजेड, हवा, ओल आणि उष्णता यांनी माचा झपाट्याने उतरतो, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवलेला बरा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्या काढल्या झाकण उघडू नका. गार पुडीवर हवेतली वाफ धरते आणि पुन्हा गुठळ्या. डबा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रंग उतरलेली जुनी पूड वाडग्यात घुसळण्यात अर्थ नाही, पण केक-बिस्किटांत ती खपून जाते. भट्टीच्या आचेवर हिरवा रंग तसाही थोडा तपकिरीकडे झुकतोच, त्यामुळे तिथे चांगला माचा खर्ची घालू नका.