पहिली-दुसरीच्या वर्गात टॅब: काय जमलं

जळगाव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. अक्षर गिरवता गिरवता मुलांची बोटं भलतीकडे लागायची. ॲप बंद, कॅमेरा चालू, आणि "बाई, मना टॅब बिघडी गया!" असा ओरडा.

यावरची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली 'ॲप पिनिंग' (काही टॅबमध्ये 'स्क्रीन पिनिंग') चालू करा. बाहेर पडताना पिन क्रमांक विचारण्याचा पर्यायही चालू ठेवा, नाहीतर दुसरीतली पोरं वाट शोधतातच! मग ॲप उघडा, अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्याच्या चिन्हावर दाबा आणि 'पिन' निवडा. मूल तिथेच राहतं.

नेटचा भरवसा नाही, म्हणून पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून धडे घरूनच उतरवून आणते.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं. बहुतेक टॅब ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्या खान्देशात एप्रिलमध्ये पारा ४० ओलांडतो. पत्र्याखाली टॅब तापून चार्जिंगच थांबायचं. आता सकाळी गारव्यात, रबरी कव्हर काढून चार्ज करते.

टॅब दोघांत एक. एक गिरवतो, दुसरा तेच अक्षर पाटीवर लिहितो, मग अदलाबदल. मला ही जोडी फार मोलाची वाटते. बोट कसंही फिरलं तरी काही ॲप शाबासकी देतात. 'ळ'चं वळण खरंच जमलं का, ते पाटीवर लगेच दिसतं.