बिटकॉइनचा व्यवहार करताना या चुका टाळा

बिटकॉइन या डिजिटल चलनातल्या बहुतेक चुका त्याला बँकेचे खाते समजल्यामुळे होतात. येथे शाखा नाही, व्यवस्थापक नाही आणि झालेली नोंद फिरवून देणारे कोणीही नाही. जगभरातील हजारो संगणक एकाच खातेवहीची प्रत सांभाळतात आणि ३ जानेवारी २००९ पासून साधारण दर दहा मिनिटांनी त्या वहीला व्यवहारांचे एक नवे पान, म्हणजेच ब्लॉक, जोडले जात आहे.

फोन हरवला की पैसे बुडाले, असे अनेकांना वाटते. वास्तविक वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार करण्याच्या ॲपमध्ये, नाणी नसतातच. त्यांची नोंद वहीत असते आणि वॉलेटमध्ये असते ती केवळ सहीची खासगी किल्ली, म्हणजे व्यवहारावर सही करण्याचा गुप्त आकडा. वॉलेट सुरू करताना मिळालेले बारा किंवा चोवीस शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या फोनवर भरले की बहुधा सारे परत दिसते. मात्र हेच शब्द ज्याच्या हाती पडतील त्याचे ते पैसे होतात, त्यामुळे त्यांचा स्क्रीनशॉट काढणे ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. शब्द क्रमांक घालून कागदावर लिहावेत आणि मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी त्यांवरून वॉलेट पुन्हा उघडते की नाही, हे एकदा पडताळावे. ‘मदत कक्षातून बोलतो’ म्हणत हे शब्द विचारणारा भामटाच असतो.

दुसरी तक्रार असते ती अडकलेल्या व्यवहाराची. पाठवलेला व्यवहार आधी प्रतीक्षा यादीत जातो आणि माइनर, म्हणजे वहीला नवे ब्लॉक जोडणारे, त्यातून निवड करतात ती रकमेवरून नव्हे, तर व्यवहाराच्या डेटाच्या आकारमानाच्या तुलनेत दिलेल्या फीवरून. म्हणून पाच लाखांचा व्यवहार मागे राहून पाचशे रुपयांचा पुढे जाऊ शकतो. अशा वेळी घाबरून तीच रक्कम नव्याने पाठवली, तर दोन्ही व्यवहार मंजूर होण्याचा धोका असतो. वॉलेटमध्ये सोय असल्यास त्याच व्यवहाराची फी वाढवावी, अन्यथा वाट पाहावी.

०.०५ बिटकॉइनमधून ०.०२ पाठवले आणि वहीत सगळे ०.०५ गेलेले दिसले, तर ती चोरी नव्हे. नोट मोडावी तशी पूर्ण रक्कम खर्ची पडते आणि फी वजा जाता उरलेले सुट्टे पैसे आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर (बिटकॉइन स्वीकारण्यासाठीच्या अक्षर-अंकांच्या ओळीवर) परत येतात. वॉलेट हे आपोआप करते. स्वतः हाताने व्यवहार रचणाऱ्याने हा परतीचा पत्ता लिहिला नाही, तर उरलेली सगळी रक्कम फी म्हणून माइनरकडे जाते.

पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकले तर वॉलेट सहसा तो नाकारते. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणाऱ्या व्हायरसपुढे मात्र ही तपासणी चालत नाही, कारण बदललेला पत्ताही वैधच असतो. तेव्हा पाठवण्यापूर्वी संपूर्ण पत्ता मूळ पत्त्याशी ताडून पाहावा.