गोव्यातून रात्रीचं आकाश टिपताना या चुका टाळा

अमावास्या जवळ आली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते : "कुठं चुकलं ते सांगा." माणसं वेगवेगळी, चुका त्याच. तारे फुगलेले, फ्रेमच्या मधोमध दुधाळ डाग, चंद्राच्या जागी पांढरा ठिपका. कॅमेरे चांगले असतात, बऱ्याचदा माझ्या कॅमेऱ्याहून महाग. यातले बहुतेक जण व्हिडिओ बघून शिकलेले असतात आणि ते व्हिडिओ थंड, कोरड्या हवेच्या, उत्तरेकडच्या देशांत बनलेले असतात. तिथली शटर आणि आयएसओची (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेची) गणितं इथे चालतात, तिथल्या सवयी चालत नाहीत. आपण साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, आणि हवेत ओल. गोव्यात फोटो बिघडतो तो या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

एसीतून थेट आकाशाखाली

या चुकीने जेवढ्या रात्री वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत, तेवढ्या ढगांनीही गेलेल्या नाहीत.

एप्रिलमधली अमावास्येची रात्र होती. दक्षिण गोव्यात काब द रामच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आम्ही काही जण जमलो होतो. मडगावहून एक होतकरू मुलगा आला. नवा कोरा फुल फ्रेम कॅमेरा, एफ १.८ ची वाइड लेन्स, सगळं अव्वल दर्जाचं. वाटभर गाडीत एसी जोरात, आणि कॅमेरा शेजारच्या सीटवर, एसीच्या झोताखाली. उतरल्या उतरल्या त्याने ट्रायपॉड उघडला, कॅमेरा चढवला आणि समोरची काच पांढरी झाली. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, तेच हे. काच थंड, हवा दमट आणि उबदार, त्यामुळे हवेतलं पाणी काचेवर बसतं.

"सर, लेन्स बिघडली काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हात लावू नकोस, अर्धा तास तशीच राहू दे. पण अर्धा तास थांबायचं कुणाला? त्याने टी-शर्टच्या टोकाने काच पुसली. परत वाफ धरली, परत पुसली. टी-शर्टला घाम, घामात मीठ, हवेत सड्यावरची लाल धूळ. काचेवरच्या कोटिंगवर त्याने स्वतःच्या हाताने चरे ओढले. पुढे, आतून पण धुकं दिसतंय म्हणून मी पलीकडच्या ट्रायपॉडपाशी असताना त्याने लेन्सच काढली. सेन्सरही अजून गारच होता, त्यावर वाफ बसली आणि वाफेवर धूळ. साडेअकराच्या सुमारास आग्नेयेकडून आकाशगंगेचं केंद्र वर यायला लागलं, तेव्हा त्याच्या स्क्रीनवर ज्येष्ठेभोवती, म्हणजे वृश्चिकेतल्या तांबूस ताऱ्याभोवती, केशरी कडं होतं. ते छानच दिसतंय असं वाटून तो पहाटेपर्यंत फोटो काढत राहिला. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती तसंच कडं. सेन्सर साफ करायला कॅमेरा राज्याबाहेर पाठवावा लागला, आणि लेन्सवरचे चरे कायमचे राहिले.

माझी सवय साधी आहे. कॅमेरा कधीच गाडीत पुढे ठेवत नाही. बंद बॅगेत, डिकीत. शेवटचा अर्धा तास एसी बंद, काचा खाली. पोचल्यावर बॅग लगेच उघडायची नाही. तेवढ्या वेळात जागा बघायची, ट्रायपॉड लावायचा, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. डोळ्यांनाही वीस-तीस मिनिटं लागतातच. वाफ धरलीच तर पुसायची नाही, तिला आपोआप जाऊ द्यायचं. आणि वाफ असताना लेन्स काढायची नाही, काही झालं तरी.

दवाचं प्रकरण याहून वेगळं, पण लोक दोन्ही एकच समजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चोर्ला घाटात, सत्तरीत, सांग्याकडे मध्यरात्रीनंतर दव पडतं. उघड्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता आकाशात फेकते आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होते. म्हणून गवत कोरडं असतानाही लेन्स ओली होऊ शकते. हूड लावा, त्याने थोडा वेळ निभतो. खरा उपाय म्हणजे लेन्सभोवती गुंडाळायची हीटरची पट्टी. पॉवर बँकवर चालते आणि एखाद्या फिल्टरपेक्षा जास्त कामाची आहे. दव पडल्यावर लावून उपयोग नाही, पहिल्या फोटोच्या आधी सुरू करायची.

फोकस "अनंत"च्या खुणेवर ठेवणं

लेन्सवर आडव्या आठाची खूण असते. तिथे रिंग नेली की तारे टोकदार येतील, असं सगळ्यांना वाटतं. ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. खरा फोकस खुणेच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे असतो आणि तापमानाबरोबर किंचित सरकतो.

जेमिनिड उल्कावर्षावाच्या रात्री, म्हणजे १३-१४ डिसेंबरला, एकांनी सांजवेळी दूरच्या टॉवरवर ऑटोफोकस केला. कल्पना चांगली होती, पण पुढे लेन्सवरचं बटण एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) न्यायचं राहिलं. अंधार पडला, रिमोटने प्रत्येक फोटोआधी कॅमेरा फोकस शोधायला लागला, आणि जिथे थांबेल तिथे फोटो घेत गेला. स्क्रीनवर इवल्याशा चित्रात सगळं सुरेखच दिसत होतं. मिथुनेतून निघून मृगाला आडवी गेलेली, सगळ्यांनी ओरडून बोट दाखवलेली मोठी उल्का त्यांच्या फ्रेमच्या मधोमध आली होती. आली ती बोटभर जाड, धूसर पट्टा होऊन. अशी उल्का पुन्हा मागून मिळत नाही.

मी असं करतो : एएफ बंद, स्थिरीकरण बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध किंवा कुठलाही ठळक तारा धरायचा, दहापट मोठा करायचा, आणि रिंग केसभर-केसभर फिरवायची. तारा लहान होत जातो, मग पुन्हा मोठा व्हायला लागतो. त्या दोहोंच्या मधे थांबायचं. दोन खुणा बघा : एक, ताऱ्याच्या कडेचा जांभळट रंग हिरवट व्हायला लागतो त्या वळणावर फोकस असतो. दोन, फोकस जमला की आजूबाजूला आधी न दिसलेले बारके तारे उगवतात. मग रिंगवर मायक्रोपोर टेपचा तुकडा. पहिला फोटो काढून कोपऱ्यापर्यंत मोठा करून पाहायचा, आणि रात्र गार होत गेली की पुन्हा तपासायचा. फार वेळ जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा छंद घ्यावाच का, असा मला प्रश्न पडतो. बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस तपासायला लेन्ससमोर लावायची चिरांची जाळी, मिळाला तर घ्या, लांब लेन्सवर तो फार उपयोगी पडतो.

डिसेंबरात आकाशगंगा शोधणं

नाताळच्या सुट्टीत किनाऱ्यावर जाऊन आकाशगंगेचं केंद्र टिपायचं, असा बेत दरवर्षी कुणीतरी आखतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्यच धनू राशीच्या तारकांत असतो, म्हणजे केंद्र दिवसा वर असतं. ते रात्री मिळायला लागतं फेब्रुवारीच्या पहाटे. एप्रिलच्या मध्याला ते मध्यरात्रीच्या जरा आधी उगवतं आणि पहाटे पाचच्या सुमारास दक्षिणेला पंचेचाळीस अंशांवर येतं. युरोपातल्या माणसाला एवढं उंच केंद्र मिळत नाही, तेव्हा आपलं भाग्य वाया घालवू नका. मात्र उगवतं ते डोंगराच्या बाजूने. समुद्रावर उतरणारी आकाशगंगा हवी असेल तर ऑक्टोबरचा मध्य धरा. पाऊस सरलेला असतो आणि केंद्र रात्री दहाच्या सुमारास नैऋत्येला मावळतं. जून ते सप्टेंबर विसरा.

डिसेंबरात रिकाम्या हाताने परतायचं कारण नाही. देवयानी दीर्घिका, एम ३१, संध्याकाळी आठच्या सुमारास उत्तरेकडे पासष्ट अंश उंचीवर असते. महाश्वाच्या चौकोनापासून शर्मिष्ठेच्या दिशेने शोधा. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं, पण आकाशातला पसारा सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावे एवढा, तीन अंशांचा. तिला ६०० मिलिमीटरची लेन्स लावणारे लोक मी बघतो आणि वाईट वाटतं. १३५ मिलिमीटर भरपूर झाली. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सत्तावीस अंश वर येतो, त्याच्याजवळच एनजीसी ५१२८ ही दीर्घिका. उत्तरेकडच्या व्हिडिओंत ही दोन्ही तुम्हाला कुणी दाखवणार नाही.

चंद्राला रात्र समजणं

चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड. त्याला उन्हातलंच एक्स्पोजर द्या. एफ ११, आयएसओ १००, शटर सेकंदाचा शंभरावा भाग : इथून सुरुवात करा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा काळं आकाश उजळ करायला जातो आणि चंद्र जळतो. पौर्णिमेचा हट्टही सोडा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आगेमागे उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा काढा.

दीपस्तंभामागे प्रचंड चंद्र हवा असेल तर जवळ जाऊन मिळत नाही, दूर जावं लागतं. चंद्र नेहमी अर्ध्या अंशाचाच असतो. नऊ मीटर उंचीची वस्तू एक किलोमीटरवरून बरोबर त्याच्याएवढी दिसते. हे गणित न करता दुसऱ्या फोटोतला चंद्र आणून चिकटवणं मला पटत नाही. तसंच ते फोन, जे चंद्र ओळखून त्यावर स्वतःच्या मनाने तपशील भरतात. तो फोटो तुम्ही काढलेला नसतो.

ट्रॅकर आधी, ध्रुव नंतर

ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, त्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. दुसऱ्याच महिन्यात तो विकत घेण्याची घाई करू नका. आपल्याकडे ध्रुव जेमतेम पंधरा अंशांवर असतो, म्हणजे एखादं माडाचं बन किंवा उत्तरेची टेकडी त्याला सहज झाकते. जागा निवडताना दक्षिणेची क्षितिजं सगळे पाहतात, उत्तरेची कुणी पाहत नाही. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त ढळलेला आहे. नुसता तो मधोमध धरला तर लांब लेन्सवर तारे ओढले जातातच. आधी साध्या ट्रायपॉडवर, तारे न ओढले जाता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल, त्याचा ५०० भागिले फोकल लेंग्थ हा हिशोब शिका, २४ मिलिमीटरला वीस सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरना ५०० ऐवजी ३०० धरलं तर बरं. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमहून लहान) असेल तर फोकल लेंग्थला दीडने गुणून घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

जेपेगमध्ये काढू नका, रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, ठेवा. आयएसओला घाबरून ४०० वर काढलेला फोटो नंतर उजळला तरी दाणे तेवढेच, कारण कमी पडलेला असतो तो प्रकाश. वाळूत ट्रायपॉड हळूहळू खचतो, पायांखाली फळीचे तुकडे घाला किंवा सरळ सड्यावर जा. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडतो, काढून ठेवा. एकाच फोटोवर समाधान मानू नका : सोळा फोटो स्टॅक केले, म्हणजे एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली, की नॉइज (दाणे) चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि त्यासाठीची सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा नॉइज नंतर वजा करण्यासाठी झाकण लावून काढलेले काळे फोटो, घरी एसीत काढू नका. सेन्सरचं तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की त्याचा उष्णतेचा नॉइज साधारण दुप्पट होतो, म्हणून डार्क फ्रेम तिथेच, त्याच रात्री, झाकण लावून. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय शिरू नका.

टॉर्चबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पिल्लं उजेडाच्या रोखाने जातात. पांढऱ्या टॉर्चने, खडकांवर उजेड फिरवून फोटो काढण्याने ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. हंगामात या किनाऱ्यांवर रात्री फोटो काढायलाच जाऊ नका. इतरत्रही डोक्यावरचा दिवा लाल आणि मंद ठेवा. शेजारी कुणाचं एक्स्पोजर चालू आहे का, हे विचारूनच लावा.

आणि जूनमध्ये कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ढकलू नका. ऑक्टोबरात उघडाल तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसेल, आणि ती कोटिंग खाते. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवा, वर गेला की जेल बदला. कातडी पाऊच डब्यात ठेवू नका, ओल सगळ्यात आधी त्यालाच धरते.