नवे डोमेन एक्स्टेंशन व्यवसायासाठी कसे निवडावे

इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 2012 साली नव्या एक्स्टेंशनसाठी, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातील ‘डॉट कॉम’सारख्या शेवटच्या भागासाठी, अर्ज मागवले, तेव्हा प्रत्येकी 1,85,000 डॉलर शुल्क असूनही 1,930 अर्ज आले. त्यातूनच ‘डॉट शॉप’, ‘डॉट ऑनलाइन’ यांसारखे पर्याय बाजारात आले. मार्केटिंग करणाऱ्यांना त्यांचे आकर्षण वाटते, ते बहुधा ‘डॉट कॉम’मध्ये सुटसुटीत नाव शिल्लक नसते म्हणून.

नाव पसंत पडले की प्रथम ते फोनवर चार जणांना सांगावे आणि त्यांना टाइप करायला लावावे. ही चाचणी किरकोळ वाटेल. पण अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्रेत्या कंपनीने 2011 मध्ये ‘ओ डॉट को’ हे नाव पुढे केले, त्यासाठी जाहिराती केल्या, ओकलंडच्या स्टेडियमलाही ते दिले, आणि तरीही अनेक ग्राहक सवयीने ‘ओ डॉट कॉम’ टाइप करत राहिल्याने कंपनीला काही महिन्यांतच जुन्या नावाकडे वळावे लागले.

म्हणून दुसरे काम म्हणजे त्याच नावाचे ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ कोणाकडे आहे ते तपासणे. मोकळे असेल तर तेही घेऊन मुख्य संकेतस्थळाकडे वळवावे; प्रतिस्पर्ध्याकडे असेल तर नाव कितीही आवडलेले असो, ते सोडून द्यावे, कारण जाहिरात आपली आणि ग्राहक त्याचा, असा तो व्यवहार होतो.

त्यानंतर नूतनीकरणाचा दर पाहावा. पहिल्या वर्षाची सवलत ठळक अक्षरांत असते, पुढचा दर शोधावा लागतो.

एक्स्टेंशनमध्ये व्यवसायाचा शब्द आला की गूगलवर क्रमांक वर जातो, असे विक्रेते सूचित करतात; गूगलने 2015 मध्येच असा फायदा मिळत नसल्याचे स्पष्ट केले आहे. ‘डॉट अ‍ॅप’ घेतल्यास एसएसएल प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या डिजिटल दाखल्याशिवाय, ब्राउझरमध्ये पानच उघडत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ 2014 पासून उपलब्ध आहे आणि मराठी पाटीवर ते शोभूनही दिसते; मात्र तसा ईमेल पत्ता अनेक ऑनलाइन फॉर्म स्वीकारत नाहीत, त्यामुळे पत्रव्यवहारासाठी रोमन लिपीतील पत्ता सोबत ठेवावा.

केवळ एका मोहिमेपुरते नाव घेतले असले, तरी मोहीम संपताच ते सोडू नये. छापील पत्रकांवरचे क्यूआर कोड पुढेही स्कॅन होत राहतात, आणि सुटलेले नाव कोणीही विकत घेऊ शकतो.